‘ताप नाही, पण कसंसं होतंय’

जानेवारी २०२०च्या तिसऱ्या आठवड्यात देशातल्या सात विमानतळांवर चीनहून येणाऱ्या प्रवाशांचा ताप मोजायला सुरुवात झाली. बंगळूरचा विमानतळ त्या सातांपैकी एक. तो शहरात नाही. उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, टिपू सुलतानचं जन्मगाव असलेल्या देवनहळ्ळीच्या तालुक्यात तो २००८ पासून आहे. कपाळासमोर पिस्तुलासारखं यंत्र धरायचं, आकडा पाहायचा आणि प्रवाशाला पुढे सोडायचं, एवढंच तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हातात होतं. १ मार्चला अमेरिकेहून एक आयटी अभियंता इथे उतरला. त्याला त्या वेळी काहीच त्रास नव्हता. तो घरी गेला आणि ९ मार्चला त्याचा अहवाल आला. कर्नाटकातला तो पहिला कोविड रुग्ण. त्याच दिवशी पुण्यात, दुबईची सहल करून परतलेल्या एका दांपत्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्रातही साथीचं खातं उघडलं.

यात यंत्र धरणाऱ्याची चूक नव्हती. विषाणू शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत काही दिवस जातात आणि त्या दिवसांत कपाळ थंडच असतं. खरी अडचण त्याही पुढची आहे. त्रास सुरू झाल्यावरसुद्धा तो तापानंच सुरू होईल, असं शरीरानं कुणाला लिहून दिलेलं नाही. तरीही श्वसनाचा विषाणूजन्य आजार म्हटला की आपण ताप आणि खोकला एवढ्या दोनच खुणा शोधतो. त्या दिसल्या नाहीत की ‘काही नाही, दगदग झाली असेल’ असं म्हणून मोकळे होतो. डॉक्टरही अनेकदा हेच म्हणतात आणि सरकारी फॉर्म तर हेच म्हणायला शिकवतो.

देवनहळ्ळीचीच आणखी एक तारीख पाहण्यासारखी आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेचा एक ६६ वर्षांचा नागरिक इथे उतरला. संसर्ग नसल्याचा अहवाल त्याच्या हातात होता आणि त्याला त्रासही होत नव्हता. विमानतळावर घेतलेल्या नमुन्यात मात्र विषाणू सापडला. त्याच्या दोनच दिवस आधी, हजारो किलोमीटर दूर, दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. अँजेलिक कोएत्झी यांना आपल्या दवाखान्यात काहीतरी खटकलं होतं. रुग्ण येत होते ते थकव्याची तक्रार घेऊन. अंग ठणकत होतं, डोकं दुखत होतं. पण वास-चव शाबूत होती आणि आधीच्या लाटेसारखा खोकलाही नव्हता. ‘हे नेहमीचं नाही’ असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते वरच्यांना कळवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोना विषाणूच्या त्या नव्या प्रकाराला ‘ओमायक्रॉन’ हे नाव दिलं २६ तारखेला. म्हणजे नाव ठरण्याच्या सहा दिवस आधी तो देवनहळ्ळीत उतरलेला होता.

भारतानं २ डिसेंबरला जाहीर केलेल्या पहिल्या दोन ओमायक्रॉन रुग्णांपैकी एक हा प्रवासी. दुसरा बंगळूरमधलाच ४६ वर्षांचा डॉक्टर. परदेशवारी नाही, तक्रार काय तर ताप आणि अंगदुखी. अंगदुखीनं बेजार झालेला माणूस सहसा गोळी घेऊन झोपतो. या डॉक्टरांनी वेळेवर तपासणी करून घेतली, म्हणून विषाणू शहरात आधीच पोहोचल्याचं कळलं. विमानतळावर कितीही कडक पहारा ठेवला, तरी दवाखान्यातल्या आणि घरातल्या सावध नजरेवाचून तो अपुराच पडतो, हे या दोन रुग्णांनी शेजारीशेजारी उभं राहून दाखवलं.

अशी नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ महागात पडतो. वास जाण्याचंच पाहा. मार्च २०२० मध्येच ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं होतं, की नाक चोंदलेलं नसताना अचानक वास येईनासा होणं ही या आजाराची खूण असू शकते. ब्रिटनच्या सरकारनं ती अधिकृत यादीत घेतली १८ मे रोजी. भारतात आरोग्य मंत्रालयाच्या उपचार नियमावलीत ती आली १३ जूनला. जवळजवळ तीन महिने गेले. त्या काळात ज्यांना फोडणीतल्या हिंगाचा वास येईना, त्यांनी कुणाला सांगितलं असतं तरी ते कोणत्याही रकान्यात बसलं नसतं.

यामागचं कारण शास्त्रज्ञांनी पुढे शोधलं. नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशीही असतात. विषाणूला आत शिरायला लागणारं दार आहे ते या आधारपेशींवर. चेतापेशी शाबूत राहतात, पण त्यांची देखभाल करणारेच आजारी पडतात. म्हणून सर्दी नसतानाही वास जातो, आणि म्हणूनच बहुतेकांचा तो परतही येतो. देवनहळ्ळीचं पपनस, भौगोलिक मानांकन मिळालेलं, सोललं की दरवळ खोलीभर पसरतो. तोही ज्याला जाणवत नाही, त्यानं आपल्या नाकाची दखल घ्यायला हवी. यात एक व्यावहारिक धोका आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. घरात एकट्या राहणाऱ्या आजीचा वासच गेला असेल, तर तिला ती गळती कळायची कशी? अशा घरात शेगडीचं आणि सिलिंडरचं बटण दुसऱ्या कुणीतरी रोज तपासायला हवं.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, तो भाषेचा. ‘तोंडाला चव नाही’ हे आपण कोणत्याही आजारपणात म्हणतो. मलेरियात म्हणतो, काविळीत म्हणतो, नुसत्या जागरणानंतरही म्हणतो. हे वाक्य इतकं सवयीचं आहे, की २०२० मध्ये ते खरोखर शब्दशः खरं होतं तेव्हाही ऐकणाऱ्याच्या कानावरून घसरून गेलं असणार. कणकण, कसंसं होणं, अंग मोडून येणं, डोकं भणभणणं, जीव घाबरा होणं, धाप लागणं या प्रत्येकात वेगळी माहिती आहे. कणकण म्हणजे तापमापकात अजून न चढलेला ताप. ‘जीव घाबरा होतो’ म्हणणाऱ्याला भीती वाटत असेलच असं नाही, त्याला हवा पुरत नसेल. आता असा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सातारा किंवा लातूरहून आई मुलाकडे बंगळूरला आली आहे. डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी बोलणारे. आई म्हणते, ‘जीव घाबरा होतोय.’ मुलगा इंग्रजीत सांगतो, आईला फार काळजी वाटते. डॉक्टर विचारतात, ताप? मुलगा म्हणतो, नाही. आईनं लक्षण अचूक सांगितलं होतं, ते तिच्या आणि डॉक्टरांच्या मधल्या चार फुटांत हरवलं. बंगळूरमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हे सहज घडू शकतं, आणि पुण्यात कामाला आलेल्या कन्नड किंवा ओडिया कुटुंबांमध्येही.

लोकांनी आजाराला दिलेल्या नावांतही निरीक्षण असतं. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. तेव्हा विषाणू कुणी पाहिलेला नव्हता. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना मोडून आलेली मान दिसली होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. त्या साथीचं वर्णन करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांनी चेहऱ्यावर चढणारी निळसर-जांभळी छटा आणि नाकातून होणारा रक्तस्राव आवर्जून नोंदवला आहे. सर्दी-खोकल्याच्या कल्पनेत न बसणाऱ्याच या खुणा होत्या.

निळसर ओठ ही फार उशिराची खूण. कोविडनं तर त्याही आधी फसवलं. रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या खाली उतरलेला आणि माणूस मात्र फोनवर बोलतोय, चहा मागतोय, असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले. धाप लागण्याची जाणीव आपल्याला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन घटल्याची जाणीव त्या मानानं पुसट असते. या आजारात सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर हाकाटी करत नाही. यावर महाराष्ट्रानं एक चांगली गोष्ट केली. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावला गेला, आणि पुढे आरोग्य विभागानं सहा मिनिटं चालण्याची चाचणी लोकांना शिकवली. आधी आकडा पाहायचा, सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा आकडा पाहायचा. तो ९३च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांहून जास्त घसरला तर रुग्णालय गाठायचं. लपलेलं लक्षण उघड करायची ही युक्ती साधी, स्वस्त आणि कुणालाही जमणारी. साथ ओसरल्यावर ती विसरली गेली, हे दुर्दैव. ऑक्सिमीटरवरही आंधळा भरवसा नको. नखाला रंग किंवा मेंदी असेल, बोटं गार असतील तर तो चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची घट हे यंत्र गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा चुकवतं. सावळ्या कातडीच्या आपल्या देशात हे डॉक्टरांच्या लक्षात राहायला हवं.

वृद्धांचं शरीर तर वेगळीच भाषा बोलतं. वय वाढलं की ताप चढवण्याची ताकद कमी होते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या ८१७ कोविड रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या २८ टक्क्यांना आल्या वेळी भ्रम झालेला होता: वेळ-जागा कळत नाही, असंबद्ध बोलणं, मध्येच गुंगी. या भ्रम झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखं ओळखीचं एकही लक्षण नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी घरातले काय म्हणतात? ‘आजोबांचं आता वय झालं.’ कालपर्यंत पेपरातलं शब्दकोडं सोडवणारा माणूस आज सुनेला ओळखत नसेल, तर ते वय नव्हे. वय एका रात्रीत वाढत नाही. जेवण एकाएकी तुटणं, विनाकारण तोल जाऊन पडणं, अंथरुणातून उठावंसं न वाटणं, मधुमेह्याची साखर काही कारण नसताना चढणं, या सगळ्यांच्या मागे छातीतला संसर्ग असू शकतो. हृदयाचंही तसंच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला २०१८चा अभ्यास सांगतो, की इन्फ्लुएन्झाचं निदान झाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहा पट असतो. ‘फ्लूच तर झालाय’ म्हणून छातीतली कळ अंगावर काढणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

मुलांच्या तक्रारी आणखी चकवतात. इन्फ्लुएन्झाचा, विशेषतः ‘बी’ प्रकाराचा, ताप उतरत आलेला असतो आणि सकाळी मूल पाय टेकवायलाच तयार नसतं. पोटऱ्या दुखतात, ते टाचा उचलून चालतं किंवा चालतच नाही. आईबापांच्या काळजाचं पाणी होतं. हा स्नायूंचा दाह बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बरा होतो. लघवी गडद, चहासारखी झाली तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना ताप, लाल डोळे, पुरळ आणि जोराची पोटदुखी होते. अनेक अवयवांना सूज आणणारा हा आजार अपेंडिक्सचा वाटून फसगत होऊ शकते. तान्ह्या बाळांत तर कधीकधी खोकलासुद्धा नसतो. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, मध्येच श्वास थांबवतं.

यासाठी फार मोठी यंत्रं लागत नाहीत, हे गडचिरोलीनं जगाला दाखवलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना आणि दाईंना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं: ठरावीक श्वास झाले की मणी सरकवायचा. बालमृत्यू घटल्याचं त्यांचं काम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आजही पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. बाळ शांत असताना मिनिटभर मोजायचं. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर ताप असो वा नसो, दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, आजी म्हणतात तसं ‘पोट उडत असेल’, तर थांबायचंच नाही.

इतकं असून आपली मोजणी कुठे अडते? श्वसनाच्या साथींवर नजर ठेवताना ‘फ्लूसदृश आजार’ कशाला म्हणायचं, याची जगभर वापरली जाणारी व्याख्या आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आणि खोकला, गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला. मोजणीसाठी अशी काटेकोर व्याख्या लागतेच; वर्षावर्षांची तुलना त्याशिवाय करता येत नाही. पण मोजायला केलेली व्याख्या निदानाची पट्टी होऊन बसते, तिथे घोटाळा होतो. ताप नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून नमुना नाही, नमुना नाही म्हणून विषाणू सापडत नाही. मग वर बसलेल्याला वाटतं, सगळं शांत आहे.

उलट बाजूची घाईही तितकीच घातक, आणि तीही बंगळूरनंच अनुभवली. ६ जानेवारी २०२५ रोजी शहरातल्या एका रुग्णालयात तीन आणि आठ महिन्यांच्या दोन बाळांना ‘एचएमपीव्ही’ या श्वसनाच्या विषाणूचा संसर्ग असल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं जाहीर केलं. बाळांनी परदेश पाहिलेला नव्हता. पण चीनमधल्या रुग्णालयांतल्या गर्दीच्या चित्रफिती त्याच आठवड्यात फिरत होत्या आणि वाहिन्यांवर ‘नवा विषाणू आला’ असा गलका झाला. त्या दिवशी सेन्सेक्स बाराशेहून अधिक अंकांनी कोसळला. विषाणू नवा मुळीच नव्हता. नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी तो २००१ मध्ये शोधला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पुण्यातल्या मुलांच्या नमुन्यांतही तो सापडला होता. आपल्याच राज्यातल्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वी ओळखलेला विषाणू आपल्याला पाहुणा वाटावा, ही गोष्ट मनाला लागते. तीन महिन्यांचं ते बाळ तोवर बरं होऊन घरीही गेलं होतं.

वेगळं लक्षण ओळखणं आणि वेगळ्या लक्षणाला घाबरणं या दोन गोष्टींत अंतर आहे. वास साध्या सर्दीतही जातो. डोळे लाल होण्यामागे अ‍ॅडिनोव्हायरस असतो, तशी धुळीची अ‍ॅलर्जीही असते. प्रत्येक अंगदुखीसाठी तपासण्यांची रांग लावावी, असं कुणी म्हणणार नाही. गरीब घराला ते परवडणारही नाही. हवं आहे ते एवढंच, की ‘हे नेहमीसारखं नाही’ या वाक्याला किंमत मिळावी. आईला मूल वेगळं वाटतं, सुनेला सासऱ्यांचं बोलणं वेगळं वाटतं, आशाताईला एकाच वस्तीतल्या चार घरांत तोच विचित्र थकवा दिसतो. ही माहिती तपासणीच्या अहवालाच्या कितीतरी आधी उपलब्ध असते, आणि आज ती कुठेही लिहिली जात नाही.

ती लिहायला जागा करणं अवघड नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांत आजारांची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रांतून संगणकावर चढते. केसपेपरवर आणि त्या नोंदीत एक ओळ मोकळी ठेवावी: रुग्णाची तक्रार, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत. ‘धाप’ लिहावं, ‘कसंसं’ लिहावं, ‘पोट उडतं’ लिहावं. बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांना, खासगी दवाखान्यांतल्यांनाही, आठवड्यात काही खटकलं तर जिल्ह्याच्या साथरोग अधिकाऱ्याला थेट फोन करता यावा, आणि फोन करणाऱ्याला पुढे काय झालं ते कळवलं जावं. नाहीतर दुसऱ्यांदा कुणी फोन करत नाही. बंगळूर, पुणे, मुंबई, बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत या बोलीतल्या शब्दांचा एक छोटा तक्ता मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत भिंतीवर लावावा, म्हणजे लातूरहून आलेल्या आईचा ‘घाबरा झालेला जीव’ परिचारिकेला वाचता येईल आणि तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला जाईल.